सरळ रेषेची अट

८ जानेवारी

ताई,

फोन करायचा नाही असं ठरलंय, म्हणून पत्र. फोनवर मी बोलतो आणि तू ऐकतेस. गेल्या वर्षी तर दिवसाला चाळीस-चाळीस वेळा ऐकलंस, तेव्हा तुझं हे म्हणणं मला मान्य आहे. पत्र लिहिताना माणसाला निदान पाकीट चिकटवेपर्यंत तरी थांबावं लागतं.

डॉक्टरबाईंनी माझ्या मनगटाला एक पट्टा बांधलाय. दिसतो घड्याळासारखा, पण वेळ दाखवत नाही. दिवसभरात मी किती हललो त्याचा आकडा दाखवतो. झोपण्याआधी तो वहीत लिहायचा आणि शेजारी मन कसं होतं त्याचे गुण द्यायचे, उणे तीन ते अधिक तीन. बाईंचं म्हणणं असं की बायपोलर आजारात मन चढायला किंवा उतरायला लागलं की माणसाला स्वतःला ते फार उशिरा कळतं. हालचाल आधीच बदललेली असते. मी म्हटलं, बाई, मन माझं आहे तसे हातपायही माझेच आहेत, ते तरी कशाला खरं बोलतील. बाई हसल्या नाहीत. त्या सहसा हसत नाहीत.

वहीची नक्कल घरच्या एका माणसाकडे जावी असंही त्यांनी सांगितलंय. घरचं माणूस म्हणजे तूच. दर पंधरा-वीस दिवसांनी पाठवत जाईन.

तुझी अट इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको. मेअखेरपर्यंत आकडे सरळ रेषेत राहिले, तर एक जूनला मुंगी माझ्याकडे परत येईल. नऊ वर्षांच्या मुलीने बापाच्या घरी कधी जायचं ते एका पट्ट्याने ठरवायचं, यावर मी एरवी काहीतरी बोललो असतो. पण ज्या बापाने घरातली सगळी दारं उतरवून त्यांचं एकच मोठं टेबल करायला घेतलं, आणि लेक दोन दिवस शेजारच्या शिंपीणबाईंकडे जेवतेय-झोपतेय हेही ज्याला माहीत नव्हतं, त्याने तोंड बंद ठेवलेलं बरं. दारं परत बसवलीत. न्हाणीघराचं जरा घासतं, तेवढं करायचं राहिलंय.

कारखान्यात सध्या एका वाचनालयाच्या बारा खुर्च्या चालू आहेत. मुंगीला सांग, तिच्या उंचीची तेरावी करीन.

तुझा धाकटा

१७ जानेवारी

सुतारमहाराज,

पत्र पोचलं. अक्षर सुधारलंय, त्यावरूनच मला निम्मं बरं वाटलं. गेल्या वर्षी तुझ्या एकेका पानावर चार-चार ओळी मावत होत्या.

पट्ट्याची कल्पना मला पटली. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत बावीस वर्षं मी मीटरचे आकडे तपासतेय. लोक खिडकीशी येऊन काय वाट्टेल ते सांगतात. आम्ही गावाला होतो, नळ बंदच होता, आमच्याकडे दोनच माणसं. मी ऐकून घेते आणि मीटर बघते. माणसावर विश्वास ठेवू नये असं नाही, पण आकडा असला की भांडावं लागत नाही. तुझ्या-माझ्यात आजवर भांडणंच फार झाली.

माझी अट तुला कडक वाटत असेल. वाटू दे. तिची आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती, आणि गेल्या वर्षी तू दवाखान्यात गेलास तेव्हा तिला वाटलं की आता तूही गेलास. शिंपीणबाईंचा निरोप आला तेव्हा मी कचेरीतून तशीच गाडीत बसले. तुझ्या घरात शिरले तर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत आरपार दिसत होतं आणि मधोमध तू दारांवर रंधा मारत होतास. मला म्हणालास, ताई, जरा बाजूला हो, उजेड अडतोय. ते मी अजून विसरलेले नाही.

मुंगी मजेत आहे. पोहायला शिकतेय. तिच्यासाठी खिडकीजवळ टेबल लावलंय, त्यावर ती अभ्यास सोडून सगळं करते. तुझे भावोजी तिला बुद्धिबळ शिकवतात आणि हरतात. मुद्दाम हरतो असं म्हणतात, पण मला तसं दिसत नाही.

आकडे वेळेवर पाठव.

ताई

१२ फेब्रुवारी

ताई,

आकडे पाठवतोय. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात रोज सरासरी नऊ हजार. त्यापुढच्या आठवड्यात चौदा. या आठवड्यात एकोणीस. मनाचे गुण सगळीकडे शून्य.

खुर्च्या चालू आहेत. मुंगी ठरल्याप्रमाणे सुट्टीत चार दिवस येणार आहे ना? गादी उन्हात टाकलीय.

धाकटा

१६ फेब्रुवारी

अरे,

नऊ, चौदा, एकोणीस. हे वाचून मी जेवणावरून उठले. तीन आठवड्यांत दुप्पट आणि वर शून्य शून्य शून्य. गेल्या वर्षीही तू हेच म्हणायचास, मला काही झालेलं नाही, मी ठणठणीत आहे. शिवाय पत्र पाच ओळींचं. घाईत लिहिलंयस हे कुणालाही कळेल.

मी डॉक्टरबाईंना फोन केला. तुला न विचारता केला, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. हा चढतोय, असं त्यांना सांगितलं. त्या तुला बोलावतील, निमूटपणे जा.

मुंगीला मी सुट्टीत पाठवत नाही. दुधाने तोंड पोळलंय, आता मी ताकही फुंकून पिणार. तिला सांगितलंय की बाबाला काम आहे. तिने भरलेली पिशवी रिकामी करून कपडे परत कपाटात लावले. गादी आत घे.

ताई

१० मार्च

ताई,

डॉक्टरबाईंकडे गेलो. काय काय चालू आहे, असं त्यांनी विचारलं. वीस मिनिटं माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. मग त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. चढत असलेला माणूस वीस मिनिटं गप्प बसत नाही हे त्यांनाही माहीत आहे आणि तुलाही.

झालं होतं ते असं. बारा खुर्च्या जानेवारीतच जोडून झाल्या होत्या. पुढचं काही सुचेना, नवं काम हातात घ्यायची भीती वाटे. म्हणून पॉलिश पेपर घेऊन बसलो. त्याच बारा खुर्च्या सोळा दिवस घासत होतो. सकाळी बसायचं, घासायचं, अंधार पडला की उठायचं. एका खुर्चीचा हात इतका झिजला की नवा करावा लागणार आहे. पट्टा उजव्या मनगटाला आणि घासायचं उजव्याच हाताने. पट्ट्याला वाटलं, माणूस धावतोय. माणूस सकाळपासून त्याच स्टुलावर बसलेला होता. शून्य लिहिलं कारण उणे तीन लिहायचं तर आधी विचार करावा लागतो. पत्र पाच ओळींचं होतं कारण सहावी लिहवेना.

तू साप साप म्हणून भुई धोपटलीस. साप होता, पण दुसऱ्या बाजूला.

बाईंनी औषध बदललं. आता बरं आहे, खरोखर. मुंगी आली असती तर लगेच बरं वाटलं असतं असं मी म्हणत नाही, त्या दिवसांत कशानेच वाटलं नसतं. पण मी तिची वाट बघत होतो. गादी पंधरा दिवस बाहेरच होती.

या महिन्यापासून आकडे तुझ्या मनासारखे येतील. सोबत कागद जोडलाय.

धाकटा

५ एप्रिल

धाकट्या,

फेब्रुवारीत माझं चुकलं. हे वाक्य मी तीनदा खोडून चौथ्यांदा लिहितेय, तेव्हा पुन्हा मागू नकोस. उंटावरून शेळ्या हाकल्या की असंच होतं. उणे तीनचा माणूस मला अधिक तीनचा दिसला आणि मी त्याच्याकडे यायला निघालेली मुलगी अडवली. सोळा दिवसांतल्या एका तरी दिवशी मी गाडीत बसून यायला हवं होतं. ते न करता मी आकडे बघत बसले.

आता दुसरं. तुझे मार्चचे कागद माझ्यासमोर आहेत. आठ हजार दोनशे. आठ हजार दीडशे. आठ हजार अडीचशे. पुन्हा आठ हजार दोनशे. सव्वीस दिवस.

आमच्याकडे एक मीटर वाचणारे गृहस्थ होते. इतके नीटनेटके आकडे आणायचे की साहेब त्यांचं उदाहरण द्यायचे. सहा महिन्यांनी मी एक वस्ती स्वतः फिरले तर तिथल्या निम्म्या मीटरांची झाकणं गंजून बसलेली, वर्षभरात कुणी उघडलीच नव्हती. गृहस्थ घरी बसून मागच्या महिन्यात चार मिळवायचे आणि लिहायचे. आम्ही त्याला घरबसला आकडा म्हणतो. तो कसा ओळखायचा ते मी नव्या मुलींना शिकवते. खऱ्या घरात रविवार असतो. पाहुणे येतात, नळ गळतो, कुणीतरी आजारी पडतं, घराला कुलूप लागतं. आकडा उड्या मारतो.

तुझ्या मार्चमध्ये एकही रविवार नाही.

मी रागावलेली नाही. रागावलेच आहे, पण आधी तुझं ऐकून घेणार आहे. काय करतोस ते लिही.

ताई

१३ एप्रिल

ताई,

पकडलंस. पत्र वाचून मला हसू आलं आणि मग बराच वेळ कामाला हात लावला नाही.

आठ हजार झाले की पट्टा काढून खिळ्याला अडकवायचो आणि मग काम. कमी पडले तर संध्याकाळी टेबलाभोवती फेऱ्या मारायचो. एकदा तर हात हवेत हलवत बसलो होतो, तेवढ्यात शिंपीणबाई आल्या. कुणाला हाक मारताय, म्हणाल्या. मी म्हटलं, लेकीला. उत्तर तसं चुकलं नव्हतं.

दोष माझा आहे, पण थोडा तुझाही आहे. सरळ रेष तू मागितलीस. मी सुतार आहे, मला कुणी सरळ मागितलं की मी रंधा मारतो. आकडा वर गेला तर मुलगी मिळणार नाही, खाली गेला तरी मिळणार नाही. अशा माणसाने काय लिहावं असं तुला वाटत होतं?

तुझं पत्र घेऊन डॉक्टरबाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, सरळ रेष मी कधीच मागितली नव्हती, मला तुमची तऱ्हा हवी आहे. प्रत्येकाची वेगळी असते. मग आम्ही दोघांनी मिळून गेल्या वर्षीची माझी कामाची वही काढली आणि दारं उतरवली त्याच्या आधीचा महिना बघितला. त्या महिन्यात मी एकही खुर्ची केलेली नव्हती. पहाटे चारला उठून चित्रं काढत होतो. नाट्यगृह, तिथल्या तीनशे खुर्च्या, झोपाळ्यासारखं डुलणारं कपाट. दिवस दिवस जागेवरून हललो नव्हतो. दारं खूप नंतरची.

म्हणजे माझं गाडं उलटं आहे. उतरलो की हात थांबत नाही आणि चढायला लागलो की सुरुवातीला मी अगदी शांत बसतो. इतरांची वही वाचतात तशी माझी वाचली तर दर वेळी उलटं निघणार.

आता पट्टा डाव्या घोट्याला आहे. आकड्याशेजारी दिवसभर काय केलं ते दोन शब्दांत आणि किती वाजता उठलो ते लिहायचं. रविवार असेल तिथे रविवार दिसेल. या महिन्यातले आकडे वेडेवाकडे आहेत. अट मोडली असेल तर तसं कळव.

धाकटा

४ मे

धाकट्या,

अट मी बदलली. आकडे सरळ नकोत, खरे हवेत. एप्रिलचा कागद वाचताना प्रथमच तू कसा राहतोस ते कळलं. "जोडाचा सरस वाळेना, चिडलो, तळ्यापर्यंत चालून आलो." असं लिहिलेलं मला आवडतं.

एक जून मग ठरलेला समज. म्हणजे ठरलेलाच आहे. फक्त दोन-तीन गोष्टी सांगते. मुंगीची एक दाढ दुखतेय, तिचं जूनमध्ये बघायचंय. पोहण्याच्या वर्गाची परीक्षा दहा जूनला आहे. आणि इथल्या शाळेतल्या बाई तिच्यावर खूश आहेत, त्यांचं म्हणणं निदान पहिली सहामाही तरी इथे होऊ दे. मी आपलं कानावर घालतेय.

तुझे भावोजी हे पत्र वाचून म्हणाले, दाढ तुझ्या भावाच्या गावातही काढतात. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

ताई

२४ मे

ताई,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. पहिलं अकरा पानांचं झालं, दुसरं सहा. शिंपीणबाईंना सांगून ठेवलंय की एका पानाच्या वर गेलो तर कागद काढून घ्या. त्या समोरच बसल्या आहेत.

गेले सहा दिवस मी पहाटे चारला उठतोय. घोट्यावरचा आकडा सहा हजारांवरून अडीच हजारांवर आलाय. शेजारचे दोन शब्द सहाही दिवस तेच आहेत: चित्रं काढली. मुंगीसाठी पलंग काढतोय. पलंगाला जिना आहे, जिन्याखाली वाचायची खोली आहे, खोलीला गोल खिडकी आहे. फार सुंदर झालंय. भिंत पाडावी लागेल.

ताई, मला इतकं छान वाटतंय की काय सांगू. वर्षभरात असं वाटलं नव्हतं. खरं तर भीती वाटायला हवी. वाटत नाहीये. ती वाटत नाही म्हणूनच लिहितोय. मला विचारशील तर मी आत्ता, या क्षणी, मुंगीला आणायला निघेन. म्हणून मला विचारू नकोस. वहीला विचार.

काल डॉक्टरबाईंकडे जाऊन आलो. औषध वाढवलंय, तीन-चार आठवडे धरा म्हणाल्या. कारखान्याची किल्ली, चित्रांची वही आणि हातोडा शिंपीणबाईंकडे दिलाय. हातोडा त्यांनी मागून घेतला.

एक जूनला मुंगीला पाठवू नकोस. पाच महिने या तारखेसाठी काढले आणि आता मीच नको म्हणतोय. हे लिहिताना हात अडतोय, पण लिहिलं. तिला काय सांगायचं ते तू ठरव, फक्त बाबाला काम आहे असं सांगू नकोस.

पान संपलं.

धाकटा

३ जून

धाकट्या,

तुझं पत्र मी कचेरीत वाचलं. खिडकीशी माणसं उभी होती, त्यांना थोडा वेळ थांबावं लागलं.

आधी माझं सांगते. फेब्रुवारीत डॉक्टरबाईंना फोन केला तो काळजीपोटी. मुंगीची सुट्टी रद्द केली ती निव्वळ काळजीपोटी नव्हती. आकडा वाढलेला बघून मी घाबरले हे खरं, पण त्या घाबरण्यात एक बारीकसा आनंद होता, की आता ती आणखी काही दिवस राहील. दाढ दुखत नाही तिची. शाळेतल्या बाई काहीही म्हणालेल्या नाहीत. या घरात इतकी वर्षं आम्ही दोघंच होतो, तुला माहीत आहे. तू वही खोटी लिहीत होतास तेव्हा मी तुला घरबसल्या आकड्यांवर व्याख्यान दिलं, आणि मग मेमध्ये मी स्वतः घरी बसून दाढदुखी लिहिली.

तुझ्या वहीत एक तरी वाईट दिवस सापडावा म्हणून मी दर वेळी पाकीट उघडत होते. या वेळी सापडला, सहाच्या सहा दिवस सापडले, आणि ते तूच बोट ठेवून दाखवलेस. पाच महिने जिच्यासाठी झुरलास तिला नको पाठवू असं ज्याला इतकं छान वाटत असताना लिहिता आलं, त्याच्या घरी ती सुखरूप राहील. आता माझ्याकडे दाखवायला काही कारण उरलं नाही. मी डॉक्टरबाईंना फोन केला, या वेळी तुला सांगून करतेय असं समज. त्यांनी महिनाअखेर म्हटलंय. तीस जूनला आम्ही दोघी निघतो. मी आठ दिवस राहीन आणि मग एकटी परत येईन. ते कसं जमणार आहे मला ठाऊक नाही, पण येईन.

मुंगीला खरं ते सांगितलं. बाबाचं मन पुन्हा चढायला लागलंय, म्हणून एक तारखेला जायचं नाही.  ती म्हणाली, "तुला कुणी सांगितलं? शिंपीणकाकूंनी?"

मी म्हटलं, "नाही. बाबानेच लिहून कळवलंय."

"त्याने स्वतः?"

"स्वतः."

"मग जाऊया आपण," म्हणाली आणि पिशवी काढून आणली. अजून महिना आहे असं मी सांगितलं, तरी ती भरतेच आहे.

ताई